मूळ बाटली

—नाही नाही, बूच घट्ट दाबू नका, कापसाचंच असतं ते, हवा आत जायला हवी ना. धरा, दोन्ही हातांनी, नव्या प्लँटला न्यायचीय ना, मॅडम. हो, एवढीच — एवढ्याशा बाटलीतून बाहेरच्या सगळ्या काचेच्या नळ्या भरल्यात. शेजारच्या सिमेंट कारखान्याचा धूर गार करून नळ्यांत सोडायचा, त्यातला कार्बन खाऊन हे शेवाळ वाढतं. पण हिरवं आहे तोवर कवडीमोल. मग त्याचं खाद्य तोडायचं, उजेड वाढवायचा — उपाशी मारायचं म्हणा ना सरळ — की जिवाच्या भीतीनं लाल होतं, आणि तो लाल रंग सोन्याच्या भावानं जातो. गोळ्यांत, माशांच्या खाद्यात, कुठे कुठे. हे सगळं आमच्या ह्यांनी बसवलं. मी हाताखाली, बाटल्या धुवायला. बायको म्हणून नाही हं — नोकरी माझी आधीची, नवरा नंतरचा.

फॉर्म ना, आणा. ‘शेवाळाचं वाण कोणी तयार केलं’ — ह्यांचं नाव छापूनच आणलंत. नव्या प्लँटलाही ह्यांचंच नाव? छान. काय म्हणालात — तीन वर्षांपूर्वी रंग एकदम दीडपट कसा झाला? होतं हो असं. पाणी बदललं असेल. नाही, पाणी तेच आहे. दिवेही तेच. हो, हे गेले तोच महिना, बरोबर आहे तुमचं.

नऊ दिवस मी ह्यांच्या उशाशी होते, इस्पितळात, शेवटपर्यंत. दहाव्या दिवशी इथे आले तर बाटलीत पिवळं पाणी. हवेचा पंप बंद पडला होता — बंद पडला म्हणजे, मीच केला होता. ह्यांना इस्पितळात नेल्याचा फोन आला, पंपाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून बंद केला आणि तशीच धावत सुटले. राखीव बाटल्याही त्याच पंपावर. बाहेरच्या नळ्या सफाईसाठी रिकाम्या. बावीस वर्षांचं वाण, संपलं. घरी गेले. माणसं भेटायला आलेली, आत बसलेली. मी गॅलरीत उभी. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं वाळलेलं, तळाला शेवाळाचं लाल कडं, उन्हात उपाशी वाळलेलं. नखानं खरवडलं, पुडीत बांधलं, दुसऱ्या दिवशी इथे आणून घातलं. महिन्याभरात बाटली हिरवीगार. रडू? नाही आलं. अजून नाही.

कुणाला कळलं? छे. साहेब म्हणाले, हात अगदी ह्यांच्यासारखा आहे तुमचा. ह्यांनी मात्र एका नजरेत ओळखलं असतं — ह्यांचं शेवाळ शांत तळाशी बसायचं, हे बघा कसं काचेला चिकटतं. ओळखणारा एकच माणूस होता. मी वाट बघत होते, कुणीतरी विचारेल. तीन वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आज तुम्ही — ह्यांचं काम मी मारलं हो, मॅडम. नाव तेवढं उरलंय, आणि ते आता पक्ष्यांच्या भांड्यावर लावायला निघालात.

लिहायच्या का थांबलात? द्या तो फॉर्म इकडे. पेनही द्या. — हं, ह्यांचं नाव खोडलं. बाटली न्या, शेवाळ चांगलं आहे, त्याचा काय दोष. नाही, काही बोलू नका. जा तुम्ही.