चुकला फटका, फाडा चिठ्ठी!

हरीचं नाव घ्या मंडळी, आणि पाय आवरून बसा! मागच्यांनाही टेकायला जागा द्या.

आज एकच विचारते. दान कशाला म्हणायचं? खिशातून काढलं आणि खिसा होता तसाच फुगलेला राहिला — ते दान का? बोला की! ... गेल्या माना खाली! बरं, मग ऐका.

पुण्यात एक दादासाहेब सबनीस होते. कारखाने, गाड्या, दारात दोन कुत्री — आणि कुत्र्यांना फिरवायला पगारी माणूस! वाईला त्यांची धाकटी बहीण दिलेली, नलिनी. शाळेत पोरांना गाणी शिकवायची. हसती-बोलती बाई, तिला झाला रक्ताचा कॅन्सर! औषधं झाली, केस गेले, शेवटी रोग दबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नलिनीताई, दबलाय, गेलेला नाही. तुमच्या दादांच्या हाडातला मगज तुमच्याशी जुळलाय. तो तुमच्या अंगात घालायचा. पण आत्ता! रोग पुन्हा उठला, तर माझे हात बांधले जातील."

हाडातला मगज! नळी चोखणाऱ्यांना बरोबर कळलं. — अहो माळकरी, तुम्ही का हसलात?

भाऊबीज आली. नलिनीनं दादाला ओवाळलं. दादानं तबकात पैठणी ठेवली. तिनं ती हळूच बाजूला सारली.

"दादा, यंदा साडी नको. हॉस्पिटलात तारीख मिळालीय. तेवढा ये."

"अगं वेडे, हे काय मागणं झालं? येणार म्हणजे येणार! सख्खा भाऊ आहे तुझा!"

त्या दिवशी नलिनी पोटभर जेवली. किती दिवसांनी!

आणि तारीख जवळ आल्यावर दादाचा फोन.

"नले, जरा घोळ झालाय. त्याच आठवड्यात आमची गोल्फची स्पर्धा आहे. कॅन्सरच्या संशोधनासाठीच, बरं का! आणि तो मगज म्हणे कमरेतून काढतात. कंबर धरली तर फटका कसा मारू? सगळे पाहुणे माझ्या नावावर येतायत गं. पुढच्या महिन्यात नक्की!"

मंडळी, गोल्फ बघितलाय का कुणी? मी बघितलाय, कुंपणाबाहेरून! केवढं ते रान, केवढंसं ते बीळ! त्या बिळात चेंडू घालायला हे पुरुष सकाळपासून उन्हात मैलमैल चालतात. आणि घरात बायको म्हणाली, अहो, एवढं दळण आणा — की गुडघा दुखला!

नलिनीचे यजमान अच्युतराव भले माणूस, पण मेव्हण्यापुढे तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, "मला मैदानावर न्या. नाही म्हणायचं तर त्याला माझ्या तोंडावर म्हणू दे." तोंडाला फडकं, डोक्याला रुमाल बांधून निघाली. जिवाची भीक मागायला निघालेली बाई, पण साडीच्या निऱ्या नीट होत्या हो!

फाटकाशी पोचते तर काय? भलामोठा फलक! त्यावर कुणाचा फोटो? हिचाच! रुमालासकट! खाली लिहिलेलं — 'यांच्यासाठी खेळूया'. दादानं मागं मोबाइलवर फोटो काढला होता, तिला वाटलं, मायेनं काढला.

आत मांडव. गार सरबतं, तळलेले काजू. एका मेजामागं एक चुणचुणीत मुलगी चिठ्ठ्या विकत बसलेली.

"कसल्या चिठ्ठ्या गं बाळ?"

"मॅडम, याला मलिगन म्हणतात. फटका चुकला की ही चिठ्ठी फाडून द्यायची. तो फटका मोजत नाहीत, पुन्हा मारायला मिळतो. पैसे सगळे संशोधनाला!"

"म्हणजे चुकलाच नव्हता, असं धरायचं?"

"हो ना! धमाल असते!"

ऐकलंत? चूक करा, पैसे भरा, चूक झालीच नाही! देवाच्या दरबारात असलं मेज कुणी मांडलंय का सांगा, मी कीर्तन सोडून आत्ता रांगेत उभी राहते!

तेवढ्यात दादासाहेबांनी काठी फिरवली. चेंडू उडाला — आणि डुबुक! तळ्यात! दादासाहेब हसले, खिशातून चिठ्ठी काढली, टर्रकन फाडली. दुसरा चेंडू. टाळ्या! नलिनी बघत राहिली. पुढचा महिना, पुढचा महिना... दादाला वाटतंय, तिच्यापाशीही चिठ्ठ्या आहेत!

ती तशीच हिरवळीवर गेली.

"नले! तू इथं? अगं, धूळ, माणसं — तुला जपायला सांगितलंय ना?"

"जपायचं तुझ्या हातात आहे दादा. उद्या चल. उद्याच चल."

दादासाहेबांनी पाहुण्यांकडे बघून हसून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तमाशा करू नकोस. हजारो रुग्णांसाठी धडपडतोय मी. आणि तू आपल्या एकटीचं घेऊन बसलीस? एवढी स्वार्थी कधीपासून झालीस गं?"

स्वार्थी! मरणाच्या दारातली बहीण स्वार्थी, आणि काजू खाणारे परोपकारी!

नलिनी म्हणाली, "हजारांना तुझे पैसे चालतील रे. मला तूच लागतोस. माझं दुसऱ्या कुणाशी जुळत नाही."

"पुढच्या महिन्यात म्हटलं ना!"

ती वळली. अच्युतरावांच्या हाताला धरून गाडीत बसली, ती रडलीसुद्धा नाही.

पुढचा महिना यायच्या आतच ताप आला. रोग उठला, आणि असा उठला की औषधांना बधेना. तेव्हा मात्र दादासाहेब धावले हो! बाह्या सारून दवाखान्यात उभे. "घ्या डॉक्टर, कमरेतून घ्या, पाठीतून घ्या! खर्चाचं बघू नका!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडून आज घेता येईल. त्यांना आता देता येत नाही."

दादा खाटेशी बसले. हमसून हमसून रडले. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "दादा, जेवलास का?"

संपलं. तेवढंच बोलली, आणि चौथ्या दिवशी गेली.

आता तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला असेल. छे! पुढच्या वर्षी त्याच हिरवळीवर स्पर्धा झाली — 'नलिनी स्मृती चषक'! चांदीचा! आणि चिठ्ठ्या? दुप्पट खपल्या!

हसू नका. हसलात तर पस्तावाल, कारण आता तुमची पाळी. संशोधनाला पैसा लागतो, तो द्या, मी आड येत नाही. पण पैसा देऊन स्वतःला सोडवून घेऊ नका! या देवळाच्या ओसरीत दवाखान्याच्या दोन पोरी सकाळपासून बसल्यात. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, बस्स. उद्या कुण्या परक्या लेकराशी तुमचा मगज जुळला, तर तुम्हाला बोलावतील. माझं वय उलटून गेलं, म्हणून मी दोन्ही सुनांना पाठवलं — कुरकुर न करता गेल्या, करतील कुठली! आणि तुमच्यातले किती गेले? पोरी म्हणतात, कुणीच नाही! नारळ मात्र ढीगभर आलेत!

तेव्हा आज आरतीचं ताट मी फिरवणार नाही. झाकून ठेवलंय. नोटा खिशातच राहू द्या. मृदंग थांबवा हो जरा... ओसरीचं दार उघडं आहे, आणि मी इथून कुणाकुणाची पाठ दिसते ते बघत उभी आहे.

हं. पहिला कोण उठतोय?