उस्तादांकडे पाठ

मुलांना एकमेकांशी बोलायला लावणं किती कठीण असतं, ते मला मोमिनपुऱ्यातल्या मदरशात कळलं. तिथे मी मराठी शिकवतो. मुलं गटात बसून एकमेकांना शिकवतील, असं मी मदरशाच्या प्रमुखांना, मोठ्या हाफिजजींना सांगितलं होतं. ते म्हणाले, "गुरुवारी येऊन पाहतो. नाही जमलं तं पुन्हा घोकंपट्टी."

गुरुवारी मी चौघाचौघांना गोलात बसवलं. पण उस्तादांकडे पाठ करून बसणं म्हणजे बेअदबी. मी उजवीकडे गेलो की तिकडची मुलं माझ्याकडे वळून बसत, डावीकडे गेलो की तिकडची. अर्धा तास गेला, कोणी कोणाशी बोललं नाही.

शेवटी एका गोलातली सना म्हणाली, "सर, तुमी बाहेर जा ना. तुमी आत असले तं कोनाची ना कोनाची पाठ होतेच."

मी बाहेर आलो आणि आत कलकलाट सुरू झाला. तेवढ्यात हाफिजजी आले.

"काहून बाहेर उभे, सर? पोरांनी काढलं का?"

"हो. मी आत असलो की माझ्याकडेच वळतात. आता बघा, एकमेकांना शिकवून राहिले."

हाफिजजींनी खिडकीतून डोकावलं. चप्पल काढता काढता थांबले आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकले.

"जमलं, सर. पन आता आपन दोघांनी कराचं काय?"