समोरासमोरच्या खिडक्या

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात, दवाखान्यात मान अवघडलेला श्पिरो टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"योका, तो फुटबॉलवाला श्पिरो परत आलाय म्हणे. नऊ क्लब फिरला!"

"फिरला कसला, फिरवला! फॉरवर्ड म्हणे. बेल्जियममध्ये वर्षभरात एक गोल."

"तोही आपल्याच जाळ्यात!"

"पायात दम नव्हता का गं, टोन्का?"

"पायांचं काय घेऊन बसलीस! आंघोळ झाली की ओल्या केसांनी बसायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून. मानेला वारं लागलं, संपला खेळ."

"अगं बाई! आईनं सांगितलं नव्हतं?"

"सांगून सांगून थकली बिचारी."

श्पिरो उठला आणि दवाखान्याची उघडी खिडकी लावून आला.

"बघ योका, आईचं ऐकणारी पोरं अजून आहेत हो!"