फॉन्ड म्हणजे आमचे आबा

परवाची गंमत ऐका गं! मी वर्गात सांगत होते, "आज 'फॉन्ड' म्हणजे जीव लावणारा, पण चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत, कवितांत त्याचा अर्थ होता खुळा."

माझी विद्यार्थिनी रुखसार म्हणाली, "मॅडम, खुळेपणा अन् माया एकाच शब्दात कशी?"

तेवढ्यात दारात माझे आबा, हातात थर्मास! सकाळी मी फोनवर शिंकले, म्हणून कन्नड गावाहून एसटीनं काढा घेऊन आलेले.

"अहो आबा, कॉलेजसमोरच मेडिकल आहे!"

"व्हय, पण मेडिकलवाला जवळ बसून पाजतो का?"

रुखसार हळूच म्हणाली, "मॅडम, समजलं."

सगळा वर्ग हसला. आबांनी विचारलं, "काय शिकवायलीस?"

"तुमच्यावरच चाललंय!"

"मग बसतो मागं. आधी काढा पी."