दहावी बासरी

कोणी पाठवलं ते आधी सांगा, मग बसा. — बरं, बसून सांगा. त्या बाकावर नको, तिथं ड्रम ठेवायचेत, स्टूल घ्या. गुणाजी म्हणालात ना — सातवी ब, सुगंधाचे वडील. तोंड ओळखीचं वाटत नाही. नऊ वर्षं मी या शाळेचा बँड बसवतो, अर्धी जोगेश्वरी मला दशरथ मास्तर म्हणून ओळखते, आणि तुम्ही एकदाही आला नाहीत — ना पंधरा ऑगस्टला, ना गॅदरिंगला. आणि आज आलात. घाटकोपरची स्पर्धा होऊन बरोबर आठ दिवस झाले, आज आलात, तेही मुलं यायच्या आधी. — दुसरी शिफ्ट असते, विक्रोळीला. असेल. शिफ्ट सगळ्यांनाच असते. मला एवढंच विचारायचंय, मोठ्या बाईंना भेटून आलात की आधी इथं आलात? — आधी इथं. म्हणजे काहीतरी पक्कं करून घ्यायचंय. पिशवी खाली ठेवा, कोणी घेत नाही. आणि तुमच्या वरच्या खिशात घडी घातलेला कागद आहे तो मला मघाशीच दिसला. अर्ज असणार. काढू नका अजून. आधी माझं ऐका, मग कोणाला द्यायचा त्याला द्या.

गाव खंयचा तुमचा? — देवगड. वाटलंच. मी कणकवलीचो. पण गाववाला म्हणून मऊ पडेन अशा भरवशावर आला असाल तर चुकलात.

घरी काय सांगते ती? मास्तर ओरडतात म्हणते? — काहीच सांगत नाही. हं. मी ओरडत नाही, कोणालाही विचारा. तीस मुलं आवाज करत असतात, त्यात मास्तर ओरडला तर एकतीस. मी हात वर करतो. हात वर गेला की काठ्या काखेत, बासऱ्या खाली. एक जरी काठी बाहेर राहिली तरी मी गप्प उभा, घड्याळ बघत — मग एकोणतीस मुलं त्या एकाकडे बघतात, मला बघावं लागत नाही. उशिरा आला त्याला छडी नाही. त्याला मोठ्या ड्रमच्या शेजारी उभा करतो, कान त्या बाजूला. दोन दिवसांत तो सगळ्यांच्या आधी येतो. पहिले दोन महिने ड्रमला हात लावू देत नाही — आधी मांडीवर, मग त्या जुन्या टायरवर. ड्रम वाजला की मुलाला वाटतं आपल्याला आलं. टायरवर तसं वाटत नाही. आणि एकदा धून सुरू झाली की मी पुढे उभा राहत नाही, मागे राहतो. पुढे राहिलं की मुलं मास्तरच्या तोंडाकडे बघतात. मागे राहिलं की मास्तर नक्की कोणाच्या पाठीशी आहे ते कळत नाही, म्हणून सगळी सावध राहतात. हे मला कोणी डिप्लोमात शिकवलेलं नाही. चौथी शिकलोय मी. गिरणीच्या बँडात बावीस वर्षं साइड ड्रम वाजवला, संपात गिरणी गेली, बँड गेला, पण हात गेला नाही.

तो अर्बन भेटला का तुम्हाला? — मरोळच्या गावठाणातला, तरणा पोरगा, कॅसिओची पेटी घेऊन येतो, मोठ्या बाईंनी जूनपासून संगीताला ठेवलाय. नाही भेटला? बघा आठवून. हसतमुख आहे. खुर्च्या गोल मांडतो आणि मुलांना विचारतो, काय वाजवायला आवडेल तुम्हाला. तीस मुलांना विचारलं तर तीस गाणी निघतील. गेल्या महिन्यात दोनदा माझ्या सरावाला येऊन त्या खांबाला टेकून उभा राहिला. म्हटलं काय बघता सर. म्हणाला, शिकतोय काका. शिकतोय. माझी जागा मापत होता तो, माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं त्याला. तर मेणाचं त्यानंच तुम्हाला सांगितलं असणार. नाही तर मुलीनं.

असे बघू नका. मेण काही मी एकटा घालत नाही. मैदानावर ज्या शाळा उतरतात त्यांच्या बासऱ्या उलट्या करून बघा, दर चौथ्या बासरीत सापडेल. स्पर्धेच्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं, बासऱ्या कमीत कमी बारा. माझ्याकडे वाजवणारी मुलं नऊ. मग तीन कुठून आणू? मेणबत्तीचं मेण घ्यायचं, चण्याएवढी गोळी, फुंकायच्या भोकाच्या आत दाबून बसवायची. बाहेरून दिसत नाही. फुंकलं तर नुसता वारा. मुलीनं बोटं हलवायची, गाल फुगवायचे, पावलं बरोबर टाकायची. फोटोत बारा, कानाला नऊ, आणि नऊ चांगल्या. तीन बेसूर घालून बारा करण्यापेक्षा ते बरं की नाही? — नाही, सांगा ना. तुम्ही कंपनीत काम करता, खराब माल तुम्ही पुढे ढकलता का?

माल म्हटलं ते तुमच्या मुलीला नाही म्हटलं.

पाचवीत होती. तीन दिवस फुंकायला लावलं, नुसतं फू फू. चौथ्या दिवशी मेण घातलं. तिला म्हटलं, तुझी चाल सरळ आहे, रांगेत शोभतेस, तुला एवढं पुरे. अकरावी बासरी. मान हलवली. दोन वर्षांत एक खाडा नाही तिचा. बासरी घरी नेऊ का विचारायची, मी नेऊ द्यायचो — मुकी बासरी, चाळीतल्या लोकांची तक्रार यायची भीती नाही. आता तुम्ही म्हणाल, दोन वर्षांत परत एकदा का नाही फुंकून बघायला लावलं. — तुम्ही नाही म्हणालात, बरोबर आहे, मीच म्हणतोय. वेळ नव्हता. आणि मास्तरनं आज एक सांगितलं, उद्या दुसरं सांगितलं, की मुलं डोक्यावर बसतात. हिला सूर नाही म्हणजे नाही. ठरलं होतं ते.

आता घाटकोपरचं ऐका, कारण अर्बन तुम्हाला ते अर्धवटच सांगणार. पहिली धून मार्चची, ड्रम जोरात, त्यात काही कळलं नाही. दुसरी संथ. तिच्यात ड्रम थांबतात, मैदानभर नुसत्या बासऱ्या. मी मागे उभा. मी कानानं मोजत असतो, सवय आहे. नऊ. मग परत मोजलं आणि दहा. दहा कशा होतील? मला वाटलं अर्बननं कोणीतरी घुसवलाय, मला खाली बघायला लावायला. कडेला सरकून रांगांवरून नजर फिरवली, तर तिसऱ्या रांगेत तुमच्या मुलीचे गाल फुगलेले नव्हते. जो नुसतं सोंग करतो त्याचेच गाल फुगतात. वाजवणाऱ्याचे ओठ आवळलेले असतात. मेण कोरून काढलं होतं तिनं, पिनेनं असणार, आत ओरखडे आहेत. कधी काढलं, कुठे वाजवत होती — घरी वाजवायची का? — घरी नाही. मग कुठे? जोगेश्वरीच्या लेण्यांकडे जायची का संध्याकाळी? — तुम्हालाही माहीत नाही. बापाला माहीत नाही, मास्तरला माहीत नाही.

आणि तुम्ही विचाराल, चुकली का. मोठ्या बाईंना मी काय लिहून दिलंय ते तुम्हाला माहीत असेलच. अंबादास शिपायाकडून लिहून घेतलं, सही माझी — अकराव्या बासरीनं सूर सोडला म्हणून कप गेला. असं लिहिलंय. मोठ्या बाईंनी ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे वाचलं. मुलं तिला कप म्हणून हाक मारतात, ते मी ऐकलंय. जिन्यात ऐकलं. तसाच खाली उतरलो. — तुम्ही असे गप्प बसलात की मलाच बोलावं लागतं, आणि तुम्हाला ते बरोबर ठाऊक आहे.

नाही चुकली.

बाकीच्या नऊ घाबरून लय सोडून पुढे पळत सुटल्या होत्या, लोक बघून पोरांची लय पळतेच. ही एकटी जागेवर होती. शेवटी शेवटी तर त्या नऊही हिच्या मागे यायला लागल्या होत्या, मी मागून ऐकत होतो ना. दोन वर्षं बाकीच्या वाजवत होत्या आणि ही ऐकत होती — दुसरं काम काय होतं तिला. मी दोन पावलं पुढे गेलो आणि तिच्या ओठांवरची बासरी काढून घेतली. चालू धुनीत. खांदा धरला आणि रांगेबाहेर उभी केली. लोक बघत होते. परीक्षकांच्या कागदावर लिहिलंय, रांग मोडली. सुराचं काही लिहिलेलं नाही. तो कागद मी मोठ्या बाईंना दिला नाही, माझ्या ट्रंकेत आहे. म्हणजे कप माझ्या या हातानं गेला. आणि का म्हणून विचाराल तर मी लोकांना सांगितलं असतं, दहावी ऐकून कोणी बाकीच्या दोन मोजल्या असत्या, मेण उघडं पडलं असतं, शाळेची लाज. पण ते मला घरी येताना सुचलं. मैदानात नुसता राग आला होता. दोन वर्षं मी म्हणत होतो हिला सूर नाही, आणि ती सगळ्या मैदानासमोर — असो.

झालं. आता काढा तो अर्ज. मला वाचता येतं, सावकाश वाचतो पण येतं. आणा इकडे.

ड्रेस एक. टोपी एक. कमरेचा पट्टा एक. मिळाले. — आणि खाली रेघ, सहीसाठी. मागे काही लिहिलंय? नाही. एवढंच? अक्षर कोणाचं — तिचं? आणि पिशवीत ड्रेस आहे. इस्त्री करून. म्हणजे तुम्ही हे परत करायला आला होतात. मग मघाशी दारात काय म्हणालात तुम्ही, मी नीट ऐकलं नाही, मी तुमच्या खिशाकडे बघत होतो — माफी? कसली माफी? — तिच्यामुळे शाळेचा कप गेला म्हणून तुम्ही माझी माफी मागायला आलात.

म्हणजे मेणाचं तुम्हाला माहीत नव्हतं. अर्बननं काही सांगितलं नाही. तिनंही नाही. दोन वर्षं तुम्हाला वाटत होतं ती वाजवते. आणि घाटकोपरला तिनं खरंच शाळेची वाट लावली, असं वाटत होतं.

तुमच्याजवळ काहीच नव्हतं आणि मी सगळं सांगून बसलो. नऊ वर्षं. एका शिपायाला कळू दिलं नव्हतं.

सही मी करणार नाही. ड्रेस माझ्याकडे देऊ नका, तो तिचा आहे. — हात जोडू नका, त्याची गरज नाही, आणि तसे बघूही नका. बोला ना काहीतरी. शिवी द्या, गाववाल्याची शिवी चालेल मला. — नाही द्यायची. बरं.

उठलात? कुठे — गेट तिकडे आहे. इकडे जिना. हां. कळलं. मोठ्या बाई सातलाच येतात, पहिल्या मजल्यावर, घंटेच्या समोरचं दार. बसा म्हणतील. बसू नका, बसलं की त्या चहा मागवतात आणि चहात गोष्ट विरघळते. उभ्यानं सांगा. दशरथ मास्तरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणा, कागद त्याच्या ट्रंकेत आहे म्हणा. खरं वाटलं नाही तर मला बोलवा, मी खालीच आहे. मुलं यायला लागली, मला रांग लावायची आहे. जा.