पाचव्या गाण्यातला आवाज

प्रतापसिंह : बाकी सगळी गाणी ठीक आहेत. पण पाचवं तू गायलेलं नाहीस, शिवांगी.

शिवांगी : बाबा, माझा पहिला अल्बम आहे. सातही गाणी माझीच ने! कव्हरवर फोटो कुणाचा आहे?

प्रतापसिंह : फोटो तुझाच. वाघोडियाला ड्यूटीवर जाता-येता गाडीत दोनदा ऐकलं मी. तू ‘श’ दातात धरतेस, अगदी लहानपणापासून. या मुलीचा ‘श’ स्वच्छ आहे.

शिवांगी : ते सोल आहे, संथ, आतून गायचं गाणं. बाकीची नाचायची गाणी. सोलमध्ये आवाज वेगळा लावतात.

प्रतापसिंह : मला सोल कळत नाही. तुझा आवाज कळतो.

शिवांगी : ...कोमल आहे ती. कोरसमध्ये गाते माझ्यामागे. नवरात्रात नऊ दिवस गरबा गाऊन माझा गळा बसला, डॉक्टरांनी महिनाभर बोलू दिलं नाही. तेव्हा तिनं तात्पुरतं गाऊन ठेवलं होतं. नंतर मी गायले, तर कंपनीवाले मला म्हणाले, तिचंच राहू दे. नाव मात्र तुमचं लावू.

प्रतापसिंह : तिला माहीत आहे?

शिवांगी : नाही. शुक्रवारी अल्बम आला की कळेल.

प्रतापसिंह : फोन लाव तिला.

शिवांगी : आणि अल्बम अडला तर? सहा वर्षं घातलीत मी यात.

प्रतापसिंह : लाव.

कोमल : बोल ने, स्टार!

शिवांगी : कोमल, पाचव्या गाण्यात तुझाच आवाज ठेवलाय. माझ्या नावावर. मला डिसेंबरपासून माहीत होतं.

कोमल : अख्ख्या गाण्यात?

शिवांगी : अख्ख्या.

कोमल : आणि आज सांगतेस.

शिवांगी : कंपनीला सांगते, तुझं नाव टाका, नाहीतर गाणं काढा. सहाच गाणी येऊ देत.

कोमल : काढू नकोस. नाव टाक, पूर्ण. कोमल जनार्दन शिर्के. आणि सध्या फोन करू नकोस. वाटलं तर मी करीन.

(शुक्रवारी सकाळी.)

प्रतापसिंह : आला अल्बम?

शिवांगी : आला. पाचव्यावर तिचं एकटीचं नाव आहे. कंपनीवाले चिडलेत, पुढच्या अल्बमचं आता बोलत नाहीत. लोक सगळ्यात जास्त तेच ऐकतायत.

प्रतापसिंह : तिचा फोन?

शिवांगी : नाही आला.

प्रतापसिंह : चल, निघतो मी. स्टेशनपर्यंत सोडू तुला?

शिवांगी : सोडा. आणि गाडीत पाचवं लावा, बाबा. मी ते अजून नीट ऐकलेलं नाही.