सोसवंल इतकं

(लिंबागणेशपासून थोडं आत, धनगरांच्या वस्तीवरचं घर. दुपार.)

ताराबाई : म्हंजी तू तिच्याच खोलीत ऱ्हायलीस म्हन की.

तेजश्री : एकाच खोलीत, मावशी. दोन महिने. इंग्लंडला गेल्यावर विद्यापीठात पहिल्या आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होते. बोलताना 'कावून' म्हणाले, तर मागून आवाज आला, बीडची का गं तू? तीच उज्ज्वला. मी माजलगावची म्हटल्यावर तिनं आधीची खोली सोडली आणि माझ्याकडं राहायला आली.

मुंजाजी : तुझं नाव घ्यायची फोनवर. तेजू म्हनायची.

ताराबाई : बाई, आमाला कुनी नीट सांगितलंच न्हाई. पेटी आली मुंबईला, संगं इंग्रजी कागुद. गुरुजींनी वाचून दाखवला. अपेंडिक्स फुटलं, इष अंगभर पसरलं. तेवढं कळलं. पन युसूफ वडगावच्या माझ्या भाचीचं बी अपेंडिक्स काढलं अंबाजोगाईला. आठव्या दिशी घरी आली, महिन्यानं भाकरी थापायली. मंग माझी उज्ज्वलाच कावून गेली? इंग्लंडात डाक्टर न्हाईत का?

तेजश्री : आहेत, मावशी. चांगले आहेत. पण आपल्याकडं कसं, उठलं की कुठल्याही दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसायचं, तसं तिथं नाही. आधी नाव नोंदवायचं, त्याचं पत्र घरी येतं, मग वेळ मिळते. तिनं नोंदवलं होतं. पत्र जुन्या खोलीवर गेलं. जाऊ, आणू, म्हणत आम्ही गेलोच नाही. आपल्याला कुठं काय होतंय, असंच वाटायचं.

मुंजाजी : दुखायला कवा लागलं?

तेजश्री : बुधवारी सकाळी. बेंबीपाशी. तशीच प्रयोगशाळेत गेली. दुपारी तिथनंच तुम्हाला फोन केला होता तिनं.

ताराबाई : हितं सांज झालती. म्हनली, आई, पोट जड झालंय. मी म्हनलं, ववा चाव आन वरून कोमट पानी पी. तवापासून मी घरात ववा ठेवला न्हाई.

तेजश्री : ओव्यानं काही झालं नाही, मावशी. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ओवा म्हणजे काय, हे सांगायलाच वेळ लागला. पण ते म्हणाले, त्यानं काही बिघडलेलं नाही.

ताराबाई : तू इचारलंस त्यायला?

तेजश्री : तुम्ही विचाराल असं वाटलं होतं.

मुंजाजी : फुडं सांग.

तेजश्री : संध्याकाळी आली तेव्हा वाकून चालत होती. तिथं एक नंबर असतो, फोनवर आधी सगळं सांगायचं. मग ते ठरवतात, गाडी पाठवायची का सकाळी जायचं. मी फोन लावला. खूप विचारतात. ताप आहे का, उलटी झाली का, आणि दहापैकी किती दुखतंय.

मुंजाजी : दहापैकी म्हंजी?

तेजश्री : आकडा सांगायचा, काका. एक म्हणजे थोडं, दहा म्हणजे सहनच होत नाही.

ताराबाई : दुखन्याचा आकडा कसा सांगावा मानसानं? कळ येगळी, ठनका येगळा, चमक येगळी.

मुंजाजी : पोटाला हात कुनी लावला?

तेजश्री : कुणी नाही, काका. फोनवरच होतं.

मुंजाजी : मेंढी काय बोलत न्हाई. पन तिच्या पोटाला हात लावला की मला कळतं.

ताराबाई : किती म्हनली मंग ती?

तेजश्री : चार.

ताराबाई : वाकून चालायली आन चार?

तेजश्री : मावशी, तेच सांगायला आले मी. पत्रात लिहिता आलं नसतं. चार ती म्हणाली नाही. मी म्हणाले.

मुंजाजी : तू?

तेजश्री : फोन माझ्याच हातात होता. ती कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मला म्हणाली, इंग्रजीत तू सांग, मला सुधरंना. मी विचारलं, किती दुखतंय? ती म्हणाली, सोसवंल इतकं हाय. मला वाटलं, सोसवतंय म्हणजे निम्म्याच्या आतच असेल. मी चार सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, सकाळी दवाखान्यात जा, वाढलं तर पुन्हा फोन करा. मी थोडा जरी विचार केला असता, आठ म्हणाले असते, तर त्यांनी त्याच वेळी गाडी पाठवली असती.

मुंजाजी : सातवीत व्हती तवा माळावर पडली. मनगट मोडलं. तीन दिस तशीच मेंढ्यामागं चालली. इचारलं की म्हनायची, सोसतंय की. हात सुजला तवा मी बघितलं. आमाला तिचं सोसनं ठावं व्हतं. तुला दोन महिन्यांत कसं कळावं?

ताराबाई : पन तू तिला वाकून चालताना बघितलं व्हतं.

तेजश्री : होय, मावशी. बघितलं होतं.

मुंजाजी : तारे.

ताराबाई : मी काय वावगं बोलले? तिनं बघितलं व्हतं, ती बी व्हय म्हनली. सांग बाई, फुडं सांग. समदं ऐकू दे मला.

तेजश्री : गुरुवारी सकाळी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईनं पत्र मागितलं. ते नाही म्हटल्यावर तिनं दुसऱ्या ठिकाणचा पत्ता दिला, तिथं पत्राशिवाय बघतात म्हणाली. बसनं जायचं होतं. उज्ज्वला म्हणाली, आधी जरा पडते. खोलीवर आलो, आणि दुपारी तिचं दुखणं एकदम थांबलं. उठून बसली. हसली. म्हणाली, गेलं बघ तेजू, भात टाक. मी भात टाकला. चार घास खाल्ले तिनं. मला इतकं बरं वाटलं की मी वर्गाला निघून गेले.

मुंजाजी : तवाच फुटलं.

तेजश्री : होय, काका. डॉक्टरांनी नंतर सांगितलं. फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं. शुक्रवारी सकाळी अंग तापलं होतं, ओठ काळे पडले होते. गाडी बोलावली, ती दहा मिनिटांत आली. लगेच ऑपरेशन केलं. खूप धडपडले ते. सहा दिवस.

ताराबाई : सहा दिस आमाला कळवलं न्हाई.

तेजश्री : आत नेताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, घरी सांगू नको, बा मेंढ्या सोडून विमानाला धावतील. बरी झाले की मीच सांगते. विद्यापीठातल्या बाई रोज म्हणायच्या, घरी कळवू या. मी म्हणायचे, तिनं नको म्हटलंय. शेवटच्या दिवशी त्यांनीच तुम्हाला फोन लावला.

ताराबाई : एक डाव कानाला फोन लावला असता. न्हाई बोलली तरी तिनं माझा आवाज ऐकला असता.

तेजश्री : तेवढंही मला सुचलं नाही, मावशी. मी नुसती शेजारी बसून होते. शेवटपर्यंत.

ताराबाई : केस कुनी इंचरले?

तेजश्री : तिथल्या नर्स वेणी घालत नाहीत. मी घातली. दोन घातल्या. गावाकडच्या फोटोत होत्या तशा.

ताराबाई : पेटी उघडली तवा मी बघितल्या त्या. इतक्या लांबच्या मुलखात कुनी घातल्या आसतील, म्हनून मी लई इचार केला.

मुंजाजी : तू परत जानार हायेस का शिकायला?

तेजश्री : माहीत नाही, काका. तिची कॉट तशीच आहे. मला तिथं झोप लागत नाही. घरी सुट्टी आहे म्हणून सांगितलंय.

मुंजाजी : म्हंजी तुझ्या आईला यातलं काय ठावं न्हाई?

तेजश्री : मैत्रीण गेली एवढंच. बाकी काही नाही. जेवत का नाहीस, विचारते. मी म्हणते, प्रवासाचा शीण आहे.

ताराबाई : फोन हाय ना जवळ? लाव तिला.

तेजश्री : आत्ता?

ताराबाई : आत्ताच. मला सांगितलंस तसं समदं सांग. मी बसते तुझ्याजवळ.